पुडीत काय आहे?

अकोल्याला दिवाळी झाली की कापसातली सरकी काढणारे जिन सुरू व्हायचे आणि जिन सुरू झाले की माझ्या शिंका. आमचं घर एका जिनाच्या मागच्याच गल्लीत होतं. कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग आमच्या ओट्यापर्यंत यायची. वाळत घातलेल्या लुगड्यांवर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर, तुळशीच्या पानांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची. घरातल्या बाकी कोणाला तिचा त्रास नव्हता. मी मात्र सकाळी उठले की ओळीने वीस-पंचवीस शिंका द्यायची. डोळे चोळून चोळून लाल व्हायचे आणि एखाद्या दिवशी दंडावर, मानेवर गांधी उठायच्या.

"शिंकांनी कोनी मेलं हाय का आजपर्यंत?" सासूबाई म्हणायच्या. त्यांचं माहेर हिवरखेडचं, आणि लग्नाला चाळीस वर्षं होऊनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

मी मरू शकत होते. हे त्या घरात सगळ्यांना सांगून झालेलं होतं, तरी ते कोणाच्या लक्षात राहत नव्हतं. हा मजकूर मी त्या रागापोटीच लिहिते आहे. राग शिळा झाला असेल असं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर कळलं, तो ताजाच आहे.

माझं माहेर अमरावतीचं. वडील शाळामास्तर. लग्नाआधी मीही दोन वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. तेव्हा अंगावर निळे डाग पडायला लागले. टेबलाचा कोपरा लागला की मांडीवर पोळीएवढा डाग. काही लागलं नसतानाही पायांवर लाल टिपके, पेनाच्या टोकाने काढावेत तसे. कौंडण्यपूरच्या जत्रेत ऊस खात होते, तर थुंकलेला चोथा लाल. आईने आधी उष्णता म्हणून गुलकंद दिला. वडील गुलकंदावर थांबणारे नव्हते. ते मला घेऊन नागपूरच्या मोठ्या इस्पितळात गेले.

तिथला डॉक्टर चिडका होता, पण त्याने मला खुर्चीवर बसवून, माझ्याकडे बघून सांगितलं. वडिलांकडे बघून नाही. रक्त गोठायला मदत करणारे बारीक कण असतात, त्यांना प्लेटलेट म्हणतात, ते तुमच्या रक्तात फार कमी आहेत. कधी वाढतील, कधी घटतील, बहुधा जन्मभर असंच चालेल. प्लीहा काढून टाकली तर काहींना गुण येतो, पण सध्या नको. मग त्याने एका कागदावर लिहून दिलं: अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या कुळातलं कुठलंही औषध घ्यायचं नाही. क्विनाईन नाही. सल्फा नाही. आणि खाली दोनदा रेघ मारून: एका वेळी एकच औषध, आणि नाव माहीत नसलेलं एकही नाही.

"डोकं दुखलं तर?" मी विचारलं.

"दुखू द्या. डोकेदुखीनं मरणार नाही. अ‍ॅस्पिरिननं मराल."

लग्न ठरताना वडिलांनी हे सगळं सासऱ्यांना पत्राने कळवलं. रोगाचं नाव, डॉक्टरांचे नियम, त्या कागदाची नक्कल. लपवाछपवी काही नव्हती. सासरे अकोल्याचे नावाजलेले वकील. त्यांचं उत्तर आलं, मुलगी पसंत आहे, प्रकृतीचं आपण पाहून घेऊ. वडिलांना वाटलं, शिकलेली माणसं आहेत, काळजी मिटली. सासऱ्यांनी ते पत्र माझ्या पत्रिकेसोबत लाल फितीत बांधून कपाटात ठेवलं. वकिलाच्या घरी कागद हरवत नाही. फक्त तो पुन्हा वाचला जात नाही.

यजमान शाळेत इतिहास शिकवायचे. स्वभावाने मऊ. माझ्या डागांचा त्रास खरं तर त्यांनाच जास्त झाला. शेजारच्या बाई एकदा पापड लाटायला आल्या होत्या. पोळपाट उचलताना माझ्या बाहीखालचा डाग त्यांना दिसला. त्या सासूबाईंच्या कानाशी लागल्या, पण मला ऐकू येईल अशाच आवाजात: "मास्तर दिसते तं गाईवानी. हात लयच चालते वाटते?"

दुसऱ्या दिवसापासून मला मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून आली. अकोल्याच्या उन्हाळ्यात. रोग झाकला म्हणजे घराची अब्रू राहिली. त्या पोलक्यांचा राग तेव्हा आला नाही, हसू आलं होतं. नंतर मात्र कळलं की पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

आमच्या घरात बायका दवाखान्यात जात नसत. आजार बाईचा, पण दवाखान्यात जायचा पुरुष. रिकामी बाटली धुऊन पिशवीत घालायची, जाऊन त्रास सांगायचा आणि औषध घेऊन यायचं. फक्त आमच्याकडे नाही, गल्लीतल्या बहुतेक घरांत हीच रीत. घरचे डॉक्टर कापूस बाजाराच्या रस्त्यावर बसायचे. ऐकून घ्यायचे, चिठ्ठीवर दोन फराटे मारायचे, आणि आतल्या खोलीत कंपाउंडर खलबत्त्यात गोळ्या कुटून पुड्या बांधायचा नाहीतर बाटलीत लाल पाणी भरायचा. बाटलीला कात्रीने कापलेली नक्षीची कागदी पट्टी चिकटवलेली, एका खुणेपर्यंत एक वेळ. पुडीवर काहीच नाही. कोरा पांढरा कागद. आत काय आहे ते फक्त डॉक्टरला आणि कंपाउंडरला ठाऊक. विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे डॉक्टरवर संशय घेणं.

नवा महाराष्ट्र होण्याच्या दोन वर्षं आधीचा हिवाळा. त्या वर्षी कापूस भरपूर आला होता आणि शिंका थांबेनात. शिंकेची खरी भीती अशी, की जोराची शिंक आली की माझा घोळणा फुटायचा. इतरांचं नाक पाच मिनिटांत थांबतं. माझं तासभर थांबत नसे. म्हणजे मला शिंकांवर औषध हवंच होतं. मला औषधांचं वावडं होतं असं पुढे घरात जे म्हटलं गेलं, ते साफ खोटं. मला औषध हवं होतं. फक्त कोणतं, ते कळायला हवं होतं.

मी यजमानांना म्हटलं, नागपूरला पत्र टाका, त्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागणार होते. तेवढ्यात सासऱ्यांनी ऐकलं. ते कोर्टात जाता जाता दवाखान्यात थांबले आणि संध्याकाळी बारा पुड्या घेऊन आले.

"सूनबाई, दिवसातून तीन. कोमट पाण्यासोबत."

"मामंजी, यात काय आहे?"

"औषध आहे."

"तुम्ही डॉक्टरांना माझ्या रक्ताचं सांगितलंत ना?"

"सगळं सांगितलं. घ्या."

मी घेतल्या. हे लिहिताना माझा मलाच राग येतो. नागपूरचा नियम मला तोंडपाठ होता. पण समोर सासरे उभे होते, पागोटं अजून डोक्यावर होतं, आणि 'सगळं सांगितलं' म्हणणाऱ्या माणसाला काय काय सांगितलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी शिंका थांबल्या. सासूबाई म्हणाल्या, "पाह्य, उगाच नागपूर नागपूर करून राहिली होती."

तिसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ निवडत होते. ताटात एक लाल थेंब पडला. मग दुसरा. शिंक नाही, काही नाही. मी नाक दाबून मागच्या भिंतीशी बसले. एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं. हिरड्यांतून यायला लागलं. पायांवर पाहिलं तर टिपक्यांनी पोटऱ्या भरून गेलेल्या.

आणि सासूबाई पाण्याचा पेला आणि एक पुडी घेऊन आल्या. "नाकाची पुडी हाय ना? मंग नाकाले लागू पडंन. घे."

त्या मला जपायलाच आल्या होत्या. त्यांनी माझं तोंड उघडून पुडी जिभेवर टाकली आणि पाणी पाजलं. रक्तासोबत मी ती गिळली. ज्याने रक्त सुटलं होतं तेच औषध रक्त थांबावं म्हणून मला दिलं गेलं, आणि देणाऱ्या बाईचा काहीच दोष नव्हता. कोऱ्या कागदावरून तिला काय कळणार?

दुपारी मला सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने नाकात औषधी पट्टी ठासून भरली आणि विचारलं, "काय घेतलं होतं यांनी?"

सासरे, यजमान, धाकटे दीर, तिघेही उभे. तिघेही पदवीधर.

"पुडी," यजमान म्हणाले.

"कसली पुडी?"

"शिंकांची."

"अहो, पण पुडीत काय होतं?"

यजमान सायकलवरून दवाखान्यात पळाले. डॉक्टर जागेवर नव्हते, हिवरखेडला कोणाकडे तपासायला गेले होते. कंपाउंडर होता. पन्नाशीचा माणूस, आयुष्यभर त्याच खोलीत गोळ्या कुटलेला. त्याने हात जोडले. "मास्तर, साहेबाची मनाई हाय. नुस्का सांगता येत नाई मले. साहेब येतीन, तवा पुसा."

यजमान त्याच्यावर ओरडले नाहीत. ते कोणावरच ओरडत नसत. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. डॉक्टर संध्याकाळच्या बसने आले तेव्हा कळलं. शिंकांवरची साधी गोळी होती, आणि तिच्यासोबत कुटलेलं अ‍ॅस्पिरिन. "सर्दीच्या सगळ्या पेशंटना देतो मी हे," डॉक्टर म्हणाले. "अंग हलकं होतं."

यजमानांचं रक्त मला जुळलं म्हणून मी आज लिहिते आहे. ते दिलं, नाकातली पट्टी चार दिवस ठेवली, आणि आठव्या दिवशी मी घरी आले.

घरी आले त्याच दिवशी मी सासऱ्यांसमोर गेले. ते बैठकीत खटल्याचे कागद चाळत होते. मी उंबऱ्याच्या आत गेले. एरवी जात नसे.

"मामंजी, तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं होतं?"

"शिंका येतात म्हणून सांगितलं."

"आणि रक्ताचं?"

त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. म्हणाले, "दवाखान्यात माझे चार पक्षकार बसलेले असतात. घरच्या सुनेच्या अंगावर कुठे काय डाग आहेत, महिन्याचं तिचं काय होतं, हे मी तिथे उभं राहून सांगायचं?"

"नाकाचं तर सांगितलंत."

"नाकाचं वेगळं."

"मरण आलं असतं तर त्याचं सांगितलं असतं का? का तेही वेगळं?"

"सूनबाई!" ते एवढंच म्हणाले. कोर्टात खुनाच्या खटल्यात जखमांची लांबी-रुंदी बोटांवर मोजून दाखवणारा माणूस. माझ्या बाबतीत त्यांची जीभ दोन वाक्यांसाठी उचलली नाही. मी कपाटातलं वडिलांचं पत्र मागितलं. त्यांनी लाल फीत सोडून मुकाट्याने दिलं.

त्या पत्रातल्या नियमांची नक्कल मी मोठ्या अक्षरांत करून स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या शेजारी लावली. इंग्रजी नावं जशीच्या तशी देवनागरीत. सासूबाई कुरकुरल्या. "आल्यागेल्याच्या नजरेत येते ते. लोकं म्हनतीन, सुनेले रोग हाय."

"आहेच की, आई."

"हाय तं हाय, भिंतीवर काहून लावाचा?"

पण त्यांनी तो काढला नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी एकदा कोणीतरी आणलेली डोकेदुखीची गोळी त्यांनी यजमानांकडून त्या कागदाशी ताडून घेतली, आणि मगच मला नको म्हणून सांगितलं.

दरम्यान नागपूरचं पत्र आलं. डॉक्टरने शिंकांवरची एक साधी गोळी लिहून दिली होती. जी पुडीत होती, नेमकी तीच. म्हणजे माझं औषध त्या कोऱ्या कागदात होतंच. विष त्याच्यात कुटून कालवलेलं होतं, एवढंच. वेगळं वेगळं दिलं असतं तर मी एक ठेवलं असतं आणि दुसरं फेकलं असतं.

पत्रात रीतही लिहिली होती. पहिले तीन दिवस अर्धीच गोळी, रात्री. सोबत दुसरं काहीही नाही, काढासुद्धा नाही. या जातीच्या गोळ्यांनीही क्वचित कोणाचे कण घटतात, म्हणून रोज सकाळी उजेडात पोटऱ्या आणि तोंडाची आतली बाजू तपासायची. नवे टिपके दिसले तर गोळी बंद. पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. मी वहीत रकाने आखले. गणिताची बाई मी, मला हे जमणारं काम होतं. डाव्या पोटरीवर किती, उजवीवर किती, हिरड्या कशा, शिंका किती. अर्ध्या गोळीने शिंका निम्म्या झाल्या आणि टिपके वाढले नाहीत. मग पूर्ण गोळी. पंधरा दिवसांनी नागपूरला कण मोजले, होते तेवढेच होते. हे माझं औषध ठरलं.

एक खोट होती, त्या गोळीने झोप यायची. सकाळी दहाला भाजी चिरता चिरता मान खाली जायची. सासूबाई दिराला सांगायच्या, "नागपूरच्या डाक्तरानं इले अफू देल्ली वाटते. पाह्य कशी डुलून राहिली, रिद्धपूरच्या भजनात बसल्यावानी." मी डुलत डुलत भाजी चिरायची. पण माझं नाक कोरडं होतं.

ती गोळी मी औषधाच्या दुकानातून बंद पाकिटात आणायची, नाव वाचून. सुरुवातीला यजमान सोबत यायचे, मग मी एकटी जायला लागले. पण शिंका हा एकच आजार थोडाच असतो? ताप येतो, पोट बिघडतं. दर वेळी घरच्या डॉक्टरकडून पुडी यायची आणि दर वेळी मी विचारायची, यात काय आहे. दर वेळी निरोप यायचा, डॉक्टर म्हणतात विश्वास ठेवा. मी पुडी मोरीत ओतायची. सात वर्षं ओतली. तापात फणफणत मीठ-साखरेच्या पाण्यावर दिवस काढले, पण कोरा कागद तोंडात रिकामा केला नाही. त्यावरून घरात मी तऱ्हेवाईक ठरले, हट्टी ठरले. दीर म्हणायचे, "वहिनींना औषध नको, साक्षीपुरावा पाहिजे." सगळे हसायचे. मी हसत नसे.

माहेरी तर आणखी वाईट. अमरावतीला भावाच्या घरी बारशाला गेले होते, तिथे अंगावर गांधी उठल्या. भावाने प्रेमाने कुठलीशी नवी गोळी आणली, दुकानदाराने सुटी काढून दिलेली. मी नाव विचारलं. "अगं, मी काय तुला विष देतोय का?" भाऊ म्हणाला. मी त्याला परत दुकानात पाठवलं. तो रागाने पाय आपटत गेला आणि पाकीटच घेऊन आला. पाकिटावर तीन औषधं लिहिलेली होती. दुसरं अ‍ॅस्पिरिन. पाकीट उलटंसुलटं करत भाऊ म्हणाला, "पण दुकानदार म्हणाला, साधी गोळी आहे." सगळे हेच म्हणतात. साधी आहे. सगळ्यांनाच देतो. अंग हलकं होतं. मी आमसूल भिजवून अंगाला लावलं आणि बारशाचा पाळणा म्हणायला बसले.

मग सासऱ्यांना रक्तदाब झाला. कोर्टात चक्कर येऊन पडले. घरचे डॉक्टर स्वतः चालत घरी आले, दोनदा आले. औषधं द्यायचं काम माझ्याकडे, कारण घरात घड्याळ बघून काम करणारी मीच. दुसऱ्या भेटीत डॉक्टर जाताना सासऱ्यांच्या उशाशी एक कागद ठेवून गेले. मी तो उचलला.

सुवाच्य अक्षरांत चार औषधांची नावं. प्रत्येकापुढे किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर. खाली, कशासोबत काय घेऊ नये. आणि सही.

मी सासऱ्यांना विचारलं, "तुम्ही मागितलात का हा?"

"नाही. त्यांनीच दिला. म्हणाले, वकीलसाहेब, तुमच्याजवळ असू द्या, वेळेला उपयोगी पडतो."

मी सात वर्षं मागत होते, त्यांना न मागता मिळाला. मी उभ्याउभ्याच ओट्यावरच्या चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघाल्या?" सासरे म्हणाले.

"दवाखान्यात."

"कोणाला बरं नाही?"

"मला. बारा वर्षांपासून."

दवाखान्यात बाकावर दहा-बारा माणसं होती. बहुतेक पुरुष, मांडीवर रिकाम्या बाटल्या. एक नऊवारीतली शेतकरीण दाराशी टेकून बसली होती, हातात नुकतीच मिळालेली पुडी. मी सरळ डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले आणि सासऱ्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"हे अक्षर तुमचं?"

"हो. का? वकीलसाहेब बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मला असंच लिहून हवंय. यापुढे तुमच्याकडून आमच्या घरी माझ्यासाठी जे येईल, त्यावर नाव पाहिजे."

"बाई, वकीलसाहेबांचं वेगळं आहे. त्यांना समजतं."

"त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. हा कागद रोज त्यांना मी वाचून दाखवते. आता सांगा, कोणाला समजतं?"

बाकावरचा कोणीतरी खाकरला. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आपण हे आत बोलू."

"आत कशाला? आत बोलूनच तर मी मरायला टेकले होते." आणि मग मी ते सगळं बोलले, जे सासऱ्यांनी सात वर्षांपूर्वी तिथे बोलायला हवं होतं आणि त्यांच्याने बोलवलं नव्हतं. माझ्या रक्तात कण कमी आहेत. अंगावर डाग पडतात, दंडावर, मांडीवर, पाठीवर. नवरा मारत नाही, रोग आहे. महिन्याला मला इतरांच्या दुप्पट जातं. अ‍ॅस्पिरिनने माझं नाक फुटलं आणि ते या दवाखान्यातून आलं होतं. सासऱ्यांचे पक्षकार बसले असतील तर त्यांनी ऐकावं म्हणून मी सावकाश बोलले, शाळेत बोलायची तशी.

कंपाउंडर आतल्या दारात येऊन उभा राहिला होता, हातात खलबत्ता. "खरी गोष्ट हाय साहेब," तो म्हणाला. "माह्याच हातानं खलली होती ना ती पुडी. बाईनं पुसलं असतं तं..."

"तू आत जा," डॉक्टर म्हणाले.

तो आत गेला नाही. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला, रागाने पेन उघडलं आणि ताप, पोट आणि खोकल्यासाठी मला चालतील अशी औषधं लिहून दिली. नावासकट. खाली, अ‍ॅस्पिरिन देऊ नये. सही. मी अक्षर लागतं का ते तिथेच वाचून पाहिलं, एक नाव लागलं नाही, ते पुन्हा लिहून घेतलं.

मी वळले तेव्हा दाराजवळची शेतकरीण उठली. तिने हातातली पुडी डॉक्टरांपुढे धरली. "साहेब, मंग माह्या पुडीत काय हाय, ते सांगा ना."

तिच्या मागे बाकावरचा एक म्हातारा बाटली वर करून म्हणाला, "अन् ह्या लाल पान्यात?"

संध्याकाळपर्यंत सगळं सासऱ्यांच्या कानावर गेलं होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वेळेवर त्यांचा कागद वाचला, गोळी दिली, त्यांनी घेतली. दवाखान्यातलं माझं बोलणं त्यांनी मरेपर्यंत माफ केलं नाही, आणि मी त्यांचं न बोलणं.

आठवड्याभरात दवाखान्यात एक पाटी लागली. रंगवलेली, लाकडी, औषधाच्या खिडकीच्या बरोबर वर: 'औषधातील घटकांची चौकशी करू नये.' ती माझ्यासाठी लावली आहे हे अकोल्यात सगळ्यांना माहीत आहे.

पाटी अजून आहे. माझी चाळिशी उलटली, दिवाळीनंतर शिंका अजून येतात, कण अजून कमीच आहेत. रोज सकाळी खिडकीशी बसून पोटऱ्या बघते, मग चहा. घरात कोणालाही काही आणायचं असलं की आता मीच जाते. त्या पाटीखाली उभी राहते आणि विचारते, पुडीत काय आहे. कंपाउंडर एकदा वर पाटीकडे बघतो, एकदा साहेबांच्या पडद्याकडे, आणि कानावरची पेन्सिल काढून पुडीच्या घडीच्या आत नाव लिहितो. मी ते तिथेच उलगडून वाचते. मोठ्याने.